चौलचा तांडेल

धैर्यशील माणूस लाखमोलाचा, खोड एकच: गोष्ट सांगायला लागला की गडी हात आखडत नाही. सिंगापुरात यिशुनला फ्लॅट, हार्बरफ्रंटला आयटी मॅनेजरची नोकरी आणि वेड मात्र सातशे वर्षांपूर्वीच्या वांग दायुआनचं. हा चिनी प्रवासी तरुणपणीच जहाजावर चढला, दूरदूरचे देश पाहिले, सिंगापूरच्या सामुद्रधुनीबद्दलही लिहून ठेवलं. महिन्यातून एका रविवारी धैर्यशील मराठी कुटुंबांना किनाऱ्यावर नेऊन हे सगळं रंगवून सांगे.

आता परदेशातला मराठी माणूस! कुणाचीही कथा ऐकवा, यात आपलं कुणी होतं का, हे विचारणारच. वल्लरीकाकूंनी एकदा विचारलं, आणि याने ठोकून दिलं, की जहाजाचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, काकूंच्या अलिबागजवळच्या चौलचा होता. काकूंचे डोळे भरून आले. मग काय, तांडेल दर वेळी जहाजावर हजर! पुढे त्याला मिशा फुटल्या, बायकोही मिळाली.

पंचाईत केली ती इशिताने. धैर्यशीलच्या या तेरा वर्षांच्या लेकीने तांडेल शाळेच्या प्रोजेक्टमध्ये घातला आणि ‘माहिती कुठून मिळाली’ या रकान्यात लिहिलं, ‘माय फादर’. टीचरनी त्यावर लाल गोल काढून पुस्तकाचं नाव मागितलं. इशिताने ते बाबांकडे मागितलं.

दोन दिवस तो ‘शोधतो’ म्हणत राहिला. शोधणार काय, कप्पाळ! गंमत म्हणजे वांगने स्वतः बजावून ठेवलंय, की स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच मी लिहिलं, सांगोवांगीचं नाही. हे तर धैर्यशील दर वेळी छाती फुगवून सांगायचा. तिसऱ्या दिवशी त्याने ताटात बघत लेकीपुढे कबूल केलं. पोरगी ताट उचलून आत गेली. त्याला फार लागलं ते.

पुढच्या रविवारी इशिता आली, पण सगळ्यांच्या मागे उभी राहिली. काकूंनी तांडेलाची आठवण केलीच. धैर्यशीलने एकदा मागे इशिताकडे पाहिलं.

“तांडेल मी रचला होता, काकू. चुकलं माझं.”

काकूंचा चेहरा उतरला. बिचाऱ्यांनी अलिबागला फोन करकरून सांगितलं होतं!

घरी आल्यावर इशिताने त्याच्यापुढे लॅपटॉप ठेवला. तांडेल तिने काढला नव्हता. त्याच्याखाली एक ओळ वाढवली होती, की हा माणूस माझ्या बाबांनी रचलेला आहे. माहितीच्या रकान्यात मात्र तेच होतं, ‘माय फादर’.

“टीचरना चालेल हे?” त्याने हळूच विचारलं.

“कॅन लाह, बाबा, चालेल की,” ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. “हे मी स्वतः ऐकलंय.”