ओवाळणीची काहील

मंगळवार पेठेत बनाबाईंच्या घरामागच्या परड्यात आड होता, पण पाणी मचूळ. त्यात डाळ शिजता शिजत नसे, आणि झाडांना घातलं की पानं पिवळी पडत. नवरा हंबीरराव गुळाच्या अडतीत ढेपा तोलायची तोलारकी करून दमून यायचे नि ताटातली डाळ बोटानं चेपत म्हणायचे, "छर्रे शिजवल्यात व्हय?"

बनाबाईंचं माहेर शिरोळ, कृष्णाकाठचं. पाण्याचा तोटा माहीत नव्हता. इथं पावसाळाभर कौलांवरचं गोडं पाणी गटारात जाताना बघून त्यांचा जीव तुटायचा. रांजण मांडून पाहिले, ते एका सरीत भरले.

बावन्न सालच्या भाऊबिजेला त्या माहेरी गेल्या. भाऊ बाळासोनं गुऱ्हाळावर उसाचा रस उकळायला नवी काहील बसवली होती. तो म्हणाला, "आक्का, औंदा ओवाळणी मागशील ती."

"जुनी काहील दे."

"काहील? लुगडं माग की! पेठेत काय गूळ करनार हायस?"

"पाऊस धरनार हाय. देतोस का न्हाय?"

दिलेला शब्द फिरवायचा कसा? गुळाच्या हंगामात बाळासोनं ती अवजड कढई बैलगाडीवर पालथी घालून आणली. मागं पोरांचा घोळका. शेजारच्या अंबूबाई दारातून ओरडल्या, "बनाबाई, गावजेवण हाय काय गं?"

काहील दारातून काही जाईना. हंबीररावांनी कपाळाला हात लावला. "आता हितंच ठेवा, म्हशी पाणी पितील."

बनाबाई पदर खोचून थेट तालमीत गेल्या. ज्ञानू पैलवान गडी घेऊन आला आणि परड्याची भिंत न्याहाळत म्हणाला, "वैनी, भिंत पाडायची का काहील उचलायची?"

"भिंत ऱ्हाऊ दे बाबा."

गड्यांनी एक आरोळी ठोकून काहील भिंतीवरून पलीकडं नेली आणि दगडांवर बसवली. मग ते इतकं दूध प्यायले, की हंबीररावांना पुढं बरेच दिवस कोरा चहा मिळाला.

उन्हाळ्यात लोहारानं काहिलीच्या तळाला ठिगळ मारलं, कौलांखाली पत्र्याची पन्हळ बसली. मृगात सुरुवातीचं घाण पाणी सोडून दिलं, मग काहील भरू लागली. वर बांबूची तट्टी झाकली. त्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजली. हंबीरराव नुसती आमटी पुन्हा पुन्हा मागत राहिले.

आषाढात एका दुपारी मात्र काहील उतू गेली आणि लोंढा सरळ अंबूबाईंच्या सैपाकघरात शिरला. चूल विझली.

"माझं घर बुडवतीस व्हय गं?" अंबूबाईंचा आवाज तालमीपर्यंत गेला.

भर पावसात कुदळ घेऊन बनाबाईंनी चर खणला, वाहतं पाणी आळूच्या वाफ्याकडं वळवलं, आणि भिजल्या अंगानंच शेजारी जाऊन म्हणाल्या, "चुकलं माझं. आज सगळी आमच्याकडं जेवा."

अंबूबाई फुगलेल्याच जेवायला बसल्या. आमटी भुरकली, वाटी पुढं केली. हात धुताना आपल्या छपराकडं बोट दाखवून म्हणाल्या, "आमच्या कौलाचं पाणी कशाला फुकट घालवायचं? तेबी वढून घे की."

दुसऱ्याच दिवशी भर सरीत एकच पोतं दोघींच्या डोक्यावर घेऊन त्या पन्हळ जोडत होत्या. उतार कुणीकडं द्यायचा यावरून भांडण जोरात चाललं होतं, आणि मधेच दोघींना हसू आवरत नव्हतं.