आईच्या नावाचा गंज

मी त्या दुकानात गेले ते सिग्नलसाठी. कोरोनामुळे कॉलेज बंद होतं, तास फोनवर चालायचे आणि आमच्या गावात फोन धरून बांधावर उभं राहावं लागे. मावला या गावाच्या बाजूला रस्त्यालगत एका कापड व्यापाऱ्यानं आपलं रिकामं गोदाम काही शिक्षकांना वापरायला दिलं होतं. लोकांनी घरातल्या जुन्या पण धड वस्तू तिथं आणून द्यायच्या. ज्याला गरज असेल त्यानं जमेल तेवढे पैसे डब्यात टाकून त्या न्यायच्या. आणि त्या पैशातून, आजारानं कोंडून पडलेल्या घरांना तांदूळ-डाळ पोचवायची. मदतीला मुली हव्यात असं कॉलेजच्या ग्रुपवर आलं, आणि तिथं वायफाय आहे असंही कोणीतरी लिहिलं. सेवेचा विचार नंतर आला. तो कितपत माझा होता, हे मला अजून ठरवता येत नाही.

दुकान एक निवृत्त शिक्षिका पाहायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. तेलुगू, हिंदी, मराठी, तिन्ही भाषा त्या सारख्याच हळू आवाजात बोलायच्या. आलेली वस्तू आधी गच्चीवर उन्हात जायची, मग साबणाच्या पाण्यात, मग फळीवर. साड्या, शाळेची दप्तरं, खुर्च्या, एकदा एक पाळणाही आला. माझ्याकडे भांडी होती.

भांड्यांवर नावं असतात हे मला माहीत होतं, पण एवढी नावं एका ठिकाणी मी कधी पाहिली नव्हती. बरीचशी देवनागरी आणि तेलुगूत, एखाद्या जुन्या तांब्यावर उर्दूत. कुणाच्या बारशाची भेट, कुणाच्या नव्या घराची. गिऱ्हाईक भांडं उचलायचं, बोटाच्या पेरानं वाजवायचं, मग काठ फिरवून नाव वाचायचं. आणि पुष्कळदा विचारायचं की त्या घरात कोणी गेलं तर नाही ना. तो काळच तसा होता. मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं: इथलं सगळं उन्हातून आलेलं आहे.

हे सगळं मी संध्याकाळी आईला सांगायचे. एकदा तिनं मधेच विचारलं, तिथं कोणीही देऊ शकतं का. मी हो म्हटलं. दुसऱ्या सकाळी तिनं फळीवरचा मोठा गंज खाली काढला. उभट, जाड बुडाच्या पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात. घरातलं सगळ्यात चांगलं भांडं तेच. कापूस वेचायच्या मजुरीतून तिनं तो इचोड्याच्या बाजारात घेतला होता आणि तिथंच काठावर मशीननं नाव घालून घेतलं होतं, ठिपक्या-ठिपक्यांच्या अक्षरांत. इतरांच्या भांड्यांवर अमक्याकडून सप्रेम भेट असं असतं. तिच्या गंजावर नुसतं तिचं नाव होतं, आमच्या आडनावासकट, कारण तो भेट म्हणून कोणी दिलेला नव्हता. शाळेत जायच्या आधी मी ती अक्षरं बोटानं गिरवायचे. घरात वाचण्यासारखं दुसरं फार काही नव्हतं.

मी म्हटलं, एखादं लहान भांडं दे. तिनं गंज राखेनं घासायला घेतला.

"लय घेतलं आपन लोकायचं," ती म्हणाली. "आता देऊन पाहू."

तिचं लहानपण आणि लग्नानंतरची बरीच वर्षं दुसऱ्यांच्या शेतात गेली. मालकिणीनं टाकलेल्या साड्या, त्यांच्या मुलांचे सदरे आमच्या घरी यायचे. माझा पहिला फ्रॉकही तसाच आलेला. आई त्याबद्दल कडवटपणे बोलत नाही. पण आमच्या घरातली वस्तू कोणी आपल्या घरात नेऊन वापरली, असं मला आठवत नव्हतं. तिलाही आठवत नसावं.

सायकलच्या कॅरिअरला बांधून मी गंज नेला. उन्हातून, साबणातून तो फळीवर आला तेव्हा मी तो दर्शनी मांडला. त्या संध्याकाळी मी घरात पाय ठेवताच आईनं विचारलं, "गेला का?"

गेला नव्हता. त्यानंतर ती रोज विचारू लागली. कधी मी सायकल लावत असतानाच, कधी जेवण झाल्यावर, सहज आठवल्यासारखं.

लोक तो उचलायचे. त्याचा आवाज चांगला होता, तो ऐकून त्यांचा चेहराही बदलायचा. मग काठ फिरवायचे आणि परत ठेवायचे. ठेवताना आवाज होऊ देत नसत. शेजारचे पातळ पत्र्याचे गंज गेले, झाकण नसलेला डबा गेला. आमच्या भागात आडनाव वाचलं की माणूस कोणत्या वस्तीतला ते कळतं. पण लोक त्याचसाठी ठेवत होते असं मी खात्रीनं म्हणू शकत नाही. कोणाला गंज मोठा वाटला असेल. कोणाला वाटलं असेल की ही बाई आजारात गेली. कोणी काही बोललं नाही, त्यामुळे उत्तर द्यायचीही सोय नव्हती.

आईला मी एवढंच सांगायचे की गिऱ्हाईक कमी आहे. ती म्हणायची, गंज मोठा आहे, मोठ्या कुटुंबाचं माणूस यायला पाहिजे. वडील जिनिंग मिलवर रखवालदार आहेत, फारसं बोलत नाहीत. एका संध्याकाळी तेही म्हणाले, "तुह्या गंजाले नवरदेव भेटून नाही राह्यला वाटते." आई हसली नाही.

मॅडमच्याही ते लक्षात आलं होतं. एकदा दुकानात कोणी नसताना त्यांनी टेबलाच्या खणातून पॉलिश पेपर काढून माझ्यापुढे ठेवला. नाव घासून टाक, लोकांना वाचायला काही उरणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांना माझं आडनाव माहीत होतं. हे त्या माझ्यासाठी म्हणत होत्या की गंजासाठी, ते मला कळलं नाही. मी बरं म्हटलं आणि कागद तसाच खणात परत ठेवला.

मग बाजारहत्नूरकडची एक बाई आली. तिचा भाजीचा मळा होता. बाजार बंद होते तेव्हा वांगी झाडावरच कशी सडली, हे तिनं मास्क हनुवटीवर ओढून आल्या आल्या सांगितलं. मुलीचं लग्न थोडक्या माणसांत घरीच उरकायचं होतं, पण मुलीला रिकाम्या हातानं कसं पाठवणार. तिनं फळीवरची सगळी भांडी वाजवली. आमच्या गंजापाशी थांबली. बुडावर अंगठा दाबून पाहिला, माझ्याकडून पाणी भरून घेतलं, बाहेरून हात फिरवला, हात कोरडा आहे हे मला दाखवलं. मग काठ माझ्याकडे केला.

"मले वाचता येत नाही माय. काय लिवलं हाय?"

मी नाव वाचलं. आडनाव जरा थांबून वाचलं.

"जिती हाय का ही बाई?"

त्या गंजाच्या बाबतीत मी दुसऱ्याच प्रश्नाची वाट पाहत होते, म्हणून उत्तर द्यायला वेळ लागला. "जिती हाय," मी म्हटलं. "माही आई हाय."

तिनं मला नीट पाहून घेतलं. "कोन्या गावचे तुमी?"

मी गाव सांगितलं. आमच्याकडे हा प्रश्न कशासाठी विचारतात ते मला माहीत आहे. नुसत्या गावासाठीही विचारतात. मला तिथं थांबता आलं असतं.

"आमी बौद्ध हावो," मी म्हटलं.

तिनं गंजातलं पाणी दारातल्या झाडाला ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत तो उपडा धरला.

"मले त्याच्यात वरन शिजवाचं हाय," ती म्हणाली. "सोयरीक नाही कराची."

टेबलाशी बसलेल्या मॅडम हसल्या. मलाही हसू आलं, थोडं उशिरा. बाईनं पदरानं गंज पुसला, काठावरून बोट फिरवलं आणि आवाज खाली आणला.

"पन पोरीच्या सासरचे शिकलेले हायेत. ते वाचतीन. नाव तेवढं घासून दे."

सासरच्यांनी नेमकं काय वाचू नये असं तिला वाटत होतं, भांडं जुनं आहे हे की कोणाचं आहे हे, ते मी विचारलं नाही. नांदायचं तिच्या मुलीला होतं. मॅडमनी खणातून पॉलिश पेपर काढून दिला. मी खाली बसून घासू लागले. ठिपके खोल होते. मी उजवीकडून सुरुवात केली होती, म्हणून आडनाव आधी गेलं. बाई शेजारी उकिडवी बसून मुलीबद्दल सांगत होती, की भात चांगला करते पण पोळ्या अजून जमत नाहीत. नाव होतं तिथं एक निस्तेज पट्टा राहिला. तिनं गंज डोक्यावर उपडा ठेवला. दारातून वळून म्हणाली, आईला सांग, बूड चांगलं आहे.

संध्याकाळी आईनं विचारलं आणि मी गेला म्हटलं. ती हातातलं सूप ठेवून उठली. कोणी नेला, कशासाठी नेला, सगळं पुन्हा पुन्हा विचारलं. बुडाबद्दल सांगितलं तेव्हा तिनं वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, शेवटी मांडवात गेला म्हणायचा. या वेळी ती हसली. मग परत सूप घेऊन बसली.

"नाव पाह्यलं का तिनं?"

लोक आधी नाव पाहतात हे तिला पहिल्यापासून माहीत होतं, ते मला तेव्हा समजलं. मी म्हटलं, तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं, सगळं सांगितलं, तरी तिनं घेतला. पण मुलीच्या सासरसाठी नाव घासून मागितलं. मीच घासलं.

आई तांदूळ निवडत राहिली. एक खडा तिनं दारातून बाहेर टाकला.

"गंज तं नेला ना," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी मी सायकल काढत होते तेव्हा ती कोपर घेऊन आली. कोपर म्हणजे परातीसारखं पसरट भांडं, त्यात आम्ही रोज कणीक मळायचो. एका बाजूनं ते चेपलेलं होतं. मी म्हटलं, हे कशाला, हे तर रोजचं आहे.

"याच्यावर नाव नाही," ती म्हणाली. "पाह्य, कधी जाते."

कोपर ज्या दिवशी फळीवर आलं त्याच दिवशी दुपारच्या आत गेलं. एका माणसानं वाजवलं, काठ सगळीकडून फिरवून पाहिला, काही सापडलं नाही, आणि नेलं.

त्या संध्याकाळी आईनं काही विचारलं नाही. मी हातपाय धुवून आत आले तेव्हा ती जेवायच्या ताटात कणीक मळत होती. ताट लहान होतं, पीठ कडेनं सांडत होतं.

"कोपर गेलं," मी म्हटलं.

"जाईनच," ती म्हणाली आणि सांडलेलं पीठ हातानं गोळा करून परत ताटात घेतलं.