सरकारी कामासाठी टोचलेलं नाक

“मिस जोशी, आपको ज़ुकाम है क्या?”

भंडारीसाहेबांनी हे आमेरच्या किल्ल्यात, तालमीच्या वेळी, सगळ्या स्टाफसमोर, माइकवरून विचारलं. मला सर्दी झालेली नव्हती. माझ्या नाकावर दाबाची नथ होती. टोचून घ्यायला घाबरणाऱ्या मुलींसाठी ही सोय. एक चाप नाकपुडी घट्ट धरून बसतो आणि दुरून बघणाऱ्याला नथ खरी वाटते. ऐकणाऱ्याला मात्र फसवता येत नाही. माझ्या तोंडून ‘मार्बल’ हा शब्द ‘बार्बल’ असा बाहेर पडत होता, आणि त्या किल्ल्यात मार्बल फार.

ही गोष्ट साठ सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली. मी जयपूरला पर्यटन खात्यात लेडी गाइड होते, प्रोबेशनवर. प्रोबेशन म्हणजे नोकरी दिलेली असते, पण परत घेण्याचा हक्क खात्याने राखून ठेवलेला असतो. युरोपातून एक व्यापारी शिष्टमंडळ यायचं होतं. पाहुण्यांपुढे गाइडने अस्सल राजस्थानी दिसावं, असं आमचे डेप्युटी डायरेक्टर भंडारीसाहेब यांच्या मनात आलं. पोशाख त्यांनी एका कॅलेंडरवरच्या चित्रावरून ठरवला. घागरा, ओढणी, बांगडीएवढी नथ. आत घालायची मुलगी मूळची साताऱ्याची आहे, हा तपशील त्यांना गौण वाटला.

“या तो असली पहनिए,” ते म्हणाले, “या मैं किसी और को बुला लूँ. फिर आपके कन्फर्मेशन का देखेंगे.”

‘देखेंगे’ या शब्दाचा सरकारी अर्थ मला तोवर कळू लागला होता.

घरी सांगितलं तर आईला आनंद लपवता येईना. “मी सांगून सांगून थकले, तेव्हा पलंगाखाली लपायचीस. आता साहेबाने सांगितल्यावर बरी तयार झालीस!”

बाबा हिशेब खात्यात होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. “याला ड्यूटीवर झालेली जखम धरतात का, ते विचारून ठेव.”

जौहरी बाजारातल्या एका गल्लीत रामनिवासजी सोनार बसत. बाबा सोबत आले. रामनिवासजींनी डाव्या नाकपुडीवर काजळाचा ठिपका दिला, मागे सरकून बघितला, पुसला, पुन्हा दिला. हातात सोन्याची बारीक तार होती, टोकाला अणकुचीदार केलेली.

“बाईसा, सांस लो.”

मी श्वास घेतला. डोक्याच्या आतून ‘कट्’ असा आवाज आला. डाव्या डोळ्यातून घळघळा पाणी वाहू लागलं. उजवा डोळा कोरडा, जणू त्याचा या प्रकाराशी संबंधच नाही. आणि मग मला हसू फुटलं. आवरेचना.

“रडतेस की हसतेस?” बाबांनी घाबरून विचारलं.

“बाबा, झालं! एवढंच होतं!”

परतीच्या वाटेवर मी पानवाल्याच्या आरशात पाहिलं, मिठाईवाल्याच्या काचेत पाहिलं, सायकलरिक्षात बसल्यावर तिच्या आरशात पाहिलं. नाक तेच होतं, पण आता त्याला मत असल्यासारखं दिसत होतं. “समोर बघ,” बाबा म्हणाले, “रिक्षावाला तुझ्याकडे बघून चालवतोय.”

एक अडचण मात्र उरली होती. निघताना रामनिवासजींनी बजावलं होतं की जखम भरेपर्यंत या तारेशिवाय नाकात काही अडकवायचं नाही. बांगडीएवढी नथ तर नाहीच. “और वो तो ब्याही पहनती है, बाईसा. आपका ब्याह हुआ क्या?” झालेलं नव्हतं. म्हणजे खात्याने मला अस्सल राजस्थानी करता करता परस्पर लग्नच लावून टाकलं होतं.

शिष्टमंडळ आलं त्या सकाळी माझं नाक लाल आणि टपोरं होतं. त्यात ती तार. भंडारीसाहेब साफा आणि बंदगळ्याचा कोट घालून उभे होते. साफ्याला तुरा होता. माझ्याकडे पाहून तो तुरा थरथरला.

“ये क्या है? तार? नथ कहाँ है?”

“सर, ज़ख्म भरने में टाइम लगेगा.”

“आप पीछे खड़ी रहिए. स्पीच मैं दूँगा. आपके कन्फर्मेशन की बात बाद में.”

मी मागे उभी राहिले. साहेब बोलू लागले. स्वागत, परंपरा, पुन्हा स्वागत. शिष्टमंडळाच्या प्रमुखांबरोबर त्यांची मुलगी आली होती, इंग्रिड. माझ्याच वयाची, चोवीसच्या आसपासची. गेले काही दिवस ती रोज अशी भाषणं ऐकत असावी, कारण ती हळूहळू मागे सरकत अचूक माझ्याशेजारी येऊन थांबली.

“दुखतं का?” तिने इंग्रजीत कुजबुजत विचारलं.

“टोचताना नाही. शिंक आली की देव आठवतो.”

“कधी केलंस?”

“तुम्ही येणार म्हणून.”

तिला मी सगळं सांगितलं. चाप, बार्बल, कॅलेंडर, सगळं. ती ओढणीचं टोक तोंडात धरून हसली. ओढणी माझी होती. मग ती एकदम गंभीर झाली. “मला पण करायचंय.”

“परत गेल्यावर?”

“आत्ता.”

पाहुण्यांची इच्छा वरिष्ठांच्या कानावर घालणं हे गाइडचं काम. मी घातली. भंडारीसाहेबांनी आधी माझ्याकडे, मग आकाशाकडे पाहिलं. प्रोग्राममध्ये हे नव्हतं, आणि प्रोग्राममध्ये नसलेली गोष्ट आमच्या खात्यात अस्तित्वातच नसे. पण इंग्रिडने तोवर वडिलांना विचारूनही टाकलं होतं.

“ती मोठी आहे,” वडील शांतपणे म्हणाले. “माझं ऐकत असती तर उन्हात टोपी घालून आली असती.”

पुढे धावणाऱ्या पायलट गाडीसह सगळा ताफा जौहरी बाजारात पोचला. गल्लीत गाडी शिरेना. मग सगळे पायी निघाले: शिष्टमंडळ, दुभाष्या, खात्याचा फोटोग्राफर, साफा, आणि मागून अर्धा बाजार. चालता चालता साहेब माझ्या कानाशी आले.

“सुनिए. कुछ हो गया तो मैं यहाँ था ही नहीं. आप लाई हैं. नौकरी आपकी जाएगी. समझीं?”

समजले. इंग्रिड दुकानात बैठकीवर बसली होती, पाय हलवत. रामनिवासजी काजळाची डबी उघडत होते. नाक सुजलं, तिला ताप आला, वडिलांनी तक्रार केली, तर या तुऱ्याचा मालक इथे नव्हता आणि मी एकटीच होते.

“थांबा,” मी म्हणाले. आधी हिंदीत, मग इंग्रजीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. “आमच्यात मुलीला मामाच्या मांडीवर बसवून टोचतात. मोठी असेल तर मामा निदान डोकं धरतो. आणि सोन्याची तार मामाने द्यायची असते.”

हे खरं आहे. आमच्याकडे असंच करतात. ‘आमच्यात’ म्हणजे साताऱ्याला, एवढंच मी स्पष्ट केलं नाही.

रामनिवासजी खूश झाले. “हाँ हाँ, मामा तो होना चाहिए.”

इंग्रिडने टाळ्या वाजवल्या. “पण माझा मामा कोण?”

गल्लीने काही क्षण विचार केला. मग सगळ्या नजरा एकाच साफ्यावर गेल्या.

“मैं? नहीं नहीं, मैं तो ऑफिशियल...”

“अंकल!” इंग्रिड म्हणाली, आणि सरकून जागा केली.

शिष्टमंडळाच्या प्रमुखांनी पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला आणि नवा मेहुणा मिळाल्याबद्दल अभिनंदन केलं. परदेशी पाहुण्याला नाही म्हणणं प्रोटोकॉलमध्ये बसत नाही. भंडारीसाहेब बसले. दोन्ही हातांनी तिचं डोकं बंदगळ्याच्या पितळी बटणांशी धरलं. रामनिवासजींनी ठिपका दिला.

“सांस लो, बाईसा.”

डोळे आधी साहेबांनी मिटले. तार आत गेली. इंग्रिड तिच्या भाषेत एक शब्द ओरडली. दुभाष्याने त्याचं भाषांतर करायला नकार दिला. मग तिला हसू फुटलं, अगदी माझ्यासारखं. तिच्याबरोबर मला, मग रामनिवासजींना, मग गल्लीला. डाव्या डोळ्यातून पाणी गाळत तिने साहेबांना मिठी मारली आणि साफा सुटून त्यांच्या खांद्यावर आला. नेमका तेव्हा फोटोग्राफरने फोटो काढला.

“ठीक है ना, बेटा? दर्द तो नहीं?” साहेब विचारत होते. तारेचं सोनं त्यांनीच दिलं, आणि कुरकुर न करता.

तिला काही झालं नाही. नाक माझ्याइतकंच सुजलं, माझ्याइतकंच उतरलं. तो फोटो साहेबांनी केबिनमध्ये लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, ही कल्पना मुळात त्यांचीच. मी दर वेळी मान डोलावत असे. नोकरीत पक्की झाले, आणि घागऱ्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

पुढे बरीच वर्षं मी नव्या गाइड मुलींना शिकवलं. इमारतींची माहिती त्यांना पुस्तकात मिळते, म्हणून मी एकच गोष्ट आवर्जून सांगत असे. जोखमीच्या कामात वरिष्ठांना साक्षीदार ठेवलं, तर ऐनवेळी ते तिथे नसतात. त्यांना नातेवाईक करावं.