खिशाला भोक

दि. ८ जानेवारी १९९८, सकाळी सव्वासात. दाढीसाठी पाणी तापत ठेवले होते. फोन वाजला. बेलापूरहून माझा जावई मिलिंद बोलत होता. "मामा, नाना गेले," एवढेच म्हणाला. नाना म्हणजे त्याचे वडील, लक्ष्मण गुरुजी. पहाटे झोपेतच गेले, हे त्याने नंतर सांगितले. मी गॅस बंद केला, पिशवीत एक धोतर टाकले आणि नगरच्या स्टँडवर जाऊन श्रीरामपूरची गाडी धरली. राहुरी मागे पडेपर्यंत माझ्या मनात कोणताही विचार आल्याचे आठवत नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. शोकसभा झाली, भाषणे झाली. त्या भाषणांत आदर्श शिक्षक होते, समाजाचे आधारवड होते; लक्ष्मण गुरुजी मात्र मला कुठे भेटले नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

गुरुजी माझे व्याही. माझी सुजाता त्यांच्या मिलिंदला दिलेली. प्राथमिक शाळेतून ते निवृत्त झाले आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकाम करू लागले. ते त्यांनी पोटासाठी कधी केले नाही. स्टूल, मांडणी, शाळेसाठी फळ्याची चौकट, कोणी मागेल ते करून देत. त्यांना अभिमान होता तो सांध्याचा. एका लाकडात खाच पाडायची, दुसऱ्याला कुसू, म्हणजे पुढे आलेली जीभ, काढायचे आणि ते खाचेत असे बसवायचे की खिळ्याची गरज पडू नये. मी नगरच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस. नट-बोल्टने जोडलेले मला पुरते. यावरून आमचे सतत वाजे. स्क्रूचा सांधा म्हणजे भाड्याने आणलेला भाऊ, असे ते मला सगळ्यांसमोर सुनावत. मी उत्तर देत नसे. व्याह्यांच्या घरी जेवायला बसलेल्या माणसाने वाद घालू नये.

त्यांचा उजवा हात थरथरू लागला, हे आम्हाला उशिरा कळले, कारण तो त्यांनी लपवला. हात कायम सदऱ्याच्या खिशात. नमस्कार, जयभीम, सगळे डाव्या हाताने. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी चालणे सुधारले, हात सुधारला नाही. विहीणबाई कपात अर्धाच चहा ओतत. मी एकदा कारण विचारले, तर म्हणाल्या, "भरून दिला तर निम्मा ह्यांचा सदराच पितो." गुरुजी हसले. मीही हसलो असेन. पण त्या दिवशी मी शेडमध्ये डोकावलो तेव्हा पटाशा तेल लावून कापडात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. परत लागणार नाहीत अशा वस्तू माणूस जशा ठेवतो, तशा.

अडचण अशी की त्यांनी शब्द दिलेला होता. वस्तीतल्या विहाराची पुस्तके एका लोखंडी पेटीत पडून होती आणि त्यांना कसर लागली होती. तरुण मंडळी श्रीरामपूरहून लोखंडी कपाट आणणार होती. गुरुजींनी त्यांना थांबवले होते. कपाट मी देईन, माझ्या हातचे देईन, असे त्यांनी सभेत उभे राहून सांगितले होते. आता पटाशी धरवत नव्हती. मंडळी भिडेने काही बोलत नव्हती, आणि ते न बोलणेच त्यांना जास्त लागत होते. मिलिंदने मिस्त्री लावून देतो म्हटले, तेव्हा ते दोन वेळा जेवले नाहीत.

मी नगरला परतलो आणि जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसलो. एका परदेशी मासिकात पूर्वी एक यंत्र पाहिले होते. फळीच्या मागच्या अंगाला तिरपे भोक पाडायचे. भोकाचे तोंड रुंद, खिशासारखे. पुढे ते अरुंद होते. स्क्रू त्या खिशात उतरतो, त्याचे डोके आतच राहते आणि टोक दुसऱ्या फळीत जाते. समोरून काही दिसत नाही. मी लोखंडाचा उतरता ठोकळा केला, त्यात पोलादी नळी बसवली, फळी आवळायला शिकंजा लावला. साधे विजेचे ड्रिल सरकपट्टीवर चढवले आणि त्याला लांब दांडा जोडला. भोक पाडायचे दोन जाडीचे बिट बाजारात मिळेना, ते स्वतः घासून काढले. दांडा कोपराने दाबला की पुरे. पंजा कितीही थरथरला तरी बिट नळीबाहेर जाऊ शकत नाही.

टेम्पोतून यंत्र उतरवले तेव्हा गुरुजी ओट्यावर होते. याला काय म्हणतात, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, इंग्रजीत पॉकेट होल म्हणतात. मराठीत खिशाचे भोक म्हणा. ते यंत्राभोवती एक फेरी मारून आले.

"पाव्हणं, मास्तरच्या खिशाला भोक पाडायला यंत्र कशाला? ते तर नेमणुकीच्या कागदाबरूबरच मिळतं."

विहीणबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. यंत्र शेडमध्ये गेले. महिनाभर त्यावर पोते टाकलेले होते, असे सुजाताने कळवले. मग एक दिवस तिने कळवले की पोते नाही.

सराव त्यांनी एकट्याने केला. सुजाता चहा घेऊन गेली तरी दार अर्धेच उघडत. बेलापूरला वीज दिवसाची कधी येई, कधी जाई. दांडा दाबलेला असताना वीज गेली की ते तसेच स्टुलावर बसून राहत, ती येईपर्यंत. मी महिन्यातून एकदा जात असे. फळ्या उचलणे, रंधा मारणे हे मला आणि मिलिंदला करू देत. भोक पाडायला मात्र हात लावू देत नसत. कपाट माझ्या हातचे, हा शब्द त्यांनी त्या दांड्यापुरता आणून ठेवला होता आणि तेवढा ते सोडणार नव्हते.

पहिला सांगाडा जोडायच्या आधी कोणत्या फळ्यांना भोके पाडायची, कोणत्या बाजूने, हे दाखवायला मी खडूने फुल्या मारून दिल्या आणि नगरला आलो. पुढच्या खेपेला गेलो तर सांगाडा उभा होता. गुण्या लावून पाहिला; काटकोनात होता. सांध्यात कागद शिरला नसता. पण सगळी भोके समोर होती. दर्शनी अंगावर तिरपी, लांबट भोके, चिंचोक्याएवढी, ओळीने. गुरुजी खाटेवर बसले होते. हात खिशात.

"हात बिघडला, पाव्हणं. आता डोकंबी बिघडलं," ते म्हणाले.

मी सांगाड्याच्या मागे जाऊन एक फळी पाहिली. मागच्या अंगावर माझी फुली तशीच होती. मी विचारले, फुलीचा अर्थ तुम्ही काय घेतला? ते म्हणाले, फुली म्हणजे फळीचे तोंड. सुतार चांगल्या बाजूवर खूण करतो, ती बाजू आत, पुस्तकांकडे राखायची आणि तिला कधी छेद द्यायचा नाही. वडिलांनी असेच शिकवले होते. मी म्हणालो, आमच्यात फुली म्हणजे इथे भोक पाड. पलीकडे विहीणबाई जात्यावर डाळ भरडत होत्या.

"लोखंडाला तोंड न्हाई व्हय?" गुरुजींनी विचारले.

"नाही. दोन्ही अंगे सारखी."

"मंग चूक खुणंत हाय. हातात न्हाई."

ते उठले. त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि भोकांवरून फिरवला. हात थरथरत होता आणि तो तसा सगळ्यांसमोर थरथरू देण्याची ती पहिली वेळ. मी सुचवले, लाकडाच्या खुंट्या ठोकून भोके बुजवता येतील, घासून सपाट करू, कोणाला कळणार नाही. त्यांनी मान हलवली. बुजवायचे नाही, म्हणाले. चुकलेल्या हाताचे काम झाकतात. हा चुकलेला नाही. पुढच्या फळ्यांवर खुणा त्यांनीच केल्या आणि भोके त्याच बाजूने पाडली, समोरून. ओळ बिघडू नये म्हणून, एवढेच कारण त्यांनी दिले.

त्यानंतर विहाराची मंडळी शेडमध्ये येऊ लागली. एकाने भोकांचे कारण विचारले. नक्षी हाय, असे गंभीरपणे सांगून त्यांनी त्याला गप्प केले. शेवटचा भेटलो तेव्हा एकच फळी राहिली होती, खालून दुसरी. चार भोके. मी म्हणालो, आज संपवून टाकू. ते म्हणाले, आज हात ऐकत नाही, ऐकेल तेव्हा करीन. "तुमी हात लावू नका, पाव्हणं. ऱ्हायली तर ऱ्हायली." त्या वेळी मला तो हट्ट वाटला.

आठ तारखेला मी पोहोचलो तेव्हा अंगण भरले होते. विहीणबाईंना भेटलो. त्रिसरण-पंचशील झाले. प्रवरेच्या काठी सगळे आटोपून दुपार कलताना परतलो. बसायला जागा हवी म्हणून मिलिंदने शेड उघडली. ती फळी शिकंज्यात होती. एक भोक पाडलेले, दुसरे अर्धे. बिट लाकडातच उभे होते. रात्री जेवणाआधी नाना इथे होते, वीज गेली म्हणून उठले, असे सुजाता म्हणाली.

मिलिंदने मला बाजूला घेतले. विहारात पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, मिस्त्री तासाभरात फळी बसवून देईल, असे तो म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता. मी नको म्हटले. ऱ्हायली तर ऱ्हायली, असे तेच म्हणाले होते; कपाट एका फळीवाचून जाईल. "मग तुम्ही तरी करा, मामा. यंत्र तुमचंच आहे," तो म्हणाला. मी म्हणालो, मीही नाही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि सतरंज्या आणायला गेला.

मी शेडमध्ये एकटा राहिलो. वीज होती. दांडा हलका वर घेतला, बिट लाकडातून सोडवले. शिकंजा उघडून फळी भिंतीला टेकवली. मग चावीने ड्रिलची पकड सैल करून बिट काढले, त्यातला भुसा टिचकीने पाडला, तेलाचे फडके फिरवले आणि ते धोतरात गुंडाळून नगरला न्यायच्या पिशवीत ठेवले.