फाटकं आत, चांगलं वर

समजा, डिसेंबरातली सकाळ आहे. सूर्य अजून डोंगराआड आहे आणि तुम्हाला पोशेऱ्याच्या रस्त्यावर आठशे मीटर जीव तोडून धावायचंय. तोंडातून वाफ निघतेय, बोटं वाकत नाहीत. चुलीवरच्या दोरीला तीन कपडे टांगलेत. एक भावाचा जुना सदरा, शेकोटीच्या ठिणगीने पाठीवर तळहाताएवढं भोक पडलेला. दुसरा काखेत उसवलेला कुडता. तिसरा लाल स्वेटर, धड असा तेवढाच एक. आधी कुठला अंगात घालाल?

माघीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. तिची आई सुकरी लहानपणापासून सांगत आलेली, "फाटकं आत, चांगलं वर. लोकांना वरचंच दिसतं, बाय." तसाच सगळा पाडा कपडे घालतो. नागली कापायला जाताना, बाजाराला खोडाळ्याला जाताना, लग्नाला जातानाही. तशीच माघी पोलीस भरतीच्या सरावाला जायची. सदरा, त्यावर कुडता, त्यावर स्वेटर.

सराव घ्यायचा गावातलाच हेमंत. दोनदा सैन्यात जायला निघाला आणि दोन्ही वेळा उंचीत अडकला. त्याने मोटारसायकलच्या किलोमीटरच्या आकड्यावर रस्त्याखालच्या मोरीपासून शाळेपर्यंत अंतर मोजून चुन्याचे पट्टे मारले होते. पोरांना तो अंगावरच्या कपड्यांबद्दल खडसावून सांगायचा, "आत घाम ओढणारं घाला, वर असं घाला की सहज काढून फेकता येईल." पोरींकडे वळला की मान खाली. "तुमचं तुम्ही बघा." पोरींनी आत काय घालावं, हे तो कोणत्या तोंडाने सांगणार?

माघी धापा टाकत परत आली की तो एवढंच म्हणायचा, "धावली कोण गं, तू का तुझी गोधडी?"

"गोधडी पुढं होती, दादा. मी मागून आले."

सगळे हसायचे. तिची वेळ मात्र महिन्यागणिक कमी होत होती. घरातली सगळी माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची. माघीला ते चुकवायचं होतं, आपलं आणि आईचंही. त्यासाठी ही एकच वाट तिला दिसत होती. म्हणून भरतीपर्यंत ती पाड्यावरच राहिली, सोबतीला सुकरी.

भरती जानेवारीत, घाट उतरून खाली पालघरला. माघी पहाटे कुडकुडत निघाली, तिन्ही कपडे घालून. तिच्या तुकडीचा नंबर लागला तेव्हा अकरा वाजले होते. खालचं दमट ऊन तापलं होतं. स्वेटरखालून घामाच्या धारा लागल्या होत्या. शेजारच्या पोरींनी जॅकेटं काढून कडेला ढीग केला. आत सगळ्यांचे नीटनेटके टी-शर्ट.

रेषेपाशी उभ्या महिला पोलीस म्हणाल्या, "ए पोरी, स्वेटर काढ ना. शिजशील."

माघीचे हात स्वेटरच्या काठाशी गेले. खाली उसवलेली काख. त्याखाली जळकी पाठ. भोवती दोनशे माणसं.

"नको मॅडम. थंडी वाजते."

"अकरा वाजता थंडी?" कोणीतरी फिस्सकन हसलं.

शिट्टी वाजली. पहिली फेरी ती पोरींच्या बरोबरीने होती. दुसऱ्या फेरीत ओली लोकर गळ्याशी आली, श्वास पुरेना, कानात ढोल वाजायला लागले. तिला समोरची रेषा दिसत होती, पाय उचलत नव्हते. जास्त गुण मिळवून देणारी वेळ चार सेकंदांनी हुकली. पुढे यादी लागली, ती एका गुणाने बाहेर.

सुकरीने भट्टीचं बोचकं बांधलं. उरलेल्या हंगामापुरत्या दोघी बरोबर भट्टीवर गेल्या.

पावसाळ्यात परत आल्यावर माघीने जव्हारच्या बाजारातून सुती टी-शर्ट आणला आणि थंडी पडल्यावर सगळ्यात आत घातला. सुकरीचा जीव खालीवर. "नवं कापड आत लपवतेस? कोणाला दिसणार?"

"दिसायला नाय, आये. वरचं काढायला."

आता भर अकराच्या उन्हात ती रस्त्यावर उभी राहते. एक दिवस स्वेटर घालून धावते, दुसऱ्या दिवशी तो न घालता. हेमंत घड्याळ धरतो आणि वहीत लिहितो. फरक एकदा सात सेकंदांचा आला. एकदा दोनच. एकदा तर स्वेटर घालूनच ती लवकर पोचली.

"पुरे गं," हेमंत म्हणतो. पोरींना कपड्यांचं सांगायचं आपणच टाळलं, हे त्याला कळून चुकलंय. त्याचा आवाज बारीक येतो. "पुढच्या भरतीचं बघ."

पुढची भरती कधी, ते कोणालाच माहीत नाही. वय थांबत नाही. ती घामाने ओला स्वेटर चुन्याच्या पट्ट्यावर टाकते आणि त्याच्या वहीत डोकावते.

"बघते रे, दादा. पण तू एवढं सांग. त्या दिवशीचे चार सेकंद या स्वेटरचे होते, का माझेच?"