तांब्यावरचं प्लॅस्टिक

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, ठाकुर्लीतल्या आमच्या घरात, माझ्या धाकट्या बहिणीच्या संगणकातलं ग्राफिक्स कार्ड निकामी झालं. ते थंड ठेवणारा नवा हीटसिंक त्यावर त्याच दिवशी बसवला होता. तो आमच्या काकांनी बसवला. हात लावू नका, असं बहिणीने त्यांना सांगितलं होतं. मी ते ऐकलं आहे.

घरात या प्रकाराला नंतर ‘गडबड’ म्हणायला सुरुवात झाली. मी काही वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर बातम्या तपासल्या. असा शब्द आला की बातमी परत पाठवायची आणि विचारायचं, गडबड कुणी केली? ‘झाली’ म्हटलं की करणारा सुटतो. ‘अपघात’ हा शब्दही मी इथे वापरत नाही. अपघाताआधी कुणी थांबा म्हणून सांगितलेलं नसतं.

बहीण न बांधलेल्या इमारतींची चित्रं करते. शीळफाट्याच्या बाजूला जे टॉवर उठतायत, त्यांच्या जाहिरातीत उन्हाने भरलेला दिवाणखाना दिसतो. तो कुणीतरी घरी बसून संगणकावर उभा केलेला असतो. ठाण्यातल्या एका आर्किटेक्टच्या कार्यालयाने तिला परीक्षेचं काम दिलं होतं. एका फ्लॅटमधून फिरवून आणणारी छोटी फिल्म. सोमवारी सकाळी कार्यालय उघडेल तेव्हा ती पोचलेली हवी. काम पसंत पडलं तर नोकरी. इतकी वर्षं सुटी कामं करून, प्रत्येक लग्नात ‘सध्या काय करतेस’ला उत्तर देऊन ती थकली होती. ही नोकरी तिला हवी होती.

फिल्म बनताना कार्ड कित्येक तास पूर्ण ताकदीने चालतं. तिचं कार्ड जुनं, कुणाचं तरी वापरलेलं. मे महिन्यात ते तापून मध्येच बंद पडायचं आणि काम वाया जायचं. म्हणून तिने वेगळा, मोठा हीटसिंक मागवला. पातळ पात्यांचा ठोकळा, त्याला दोन पंखे आणि खाली तांब्याचा तळ. हा तळ थेट कार्डावरच्या चिपला टेकतो आणि तिची उष्णता ओढून घेतो. नव्या हीटसिंकच्या तळावर चरे पडू नयेत म्हणून प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. बसवण्याआधी ती सोलायची. राहिली तर चिप आणि तांबं यांच्यामध्ये प्लॅस्टिक येतं आणि उष्णता आतच कोंडते.

हे सगळं तिने मला सकाळी समजावून सांगितलं होतं. “ताई, पट्टी विसरले तर एक लगाव मला,” असंही म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिने कार्ड उघडलं. जुना, धुळीने बुजलेला हीटसिंक काढला. चिपवरची, उष्णता तळाकडे नेणारी पण वाळून खडी झालेली पेस्ट स्पिरिटच्या कापसाने पुसली. नव्या पेस्टची नळी उघडली, आणि दाराची बेल वाजली. काका-काकू आमरस-पुरीला आले होते.

काका घराण्याचे मेकॅनिक. इस्त्री, पंखा, मिक्सर काहीही बिघडलं की त्यांना फोन जातो. त्यांनी दुरुस्त केलेला आमचा मिक्सर अजून चालतो. हेही नोंदवायला हवं.

“हे काय दुकान मांडलंयस?” काकांनी विचारलं.

“काका, हात नका लावू. चिप उघडी आहे.”

“उघडी आहे तर झाकू या की. दे तो स्क्रूड्रायव्हर.”

“मी करतेय ना. थोडंच राहिलंय.”

“थोडं राहिलंय तिथेच तर बिघडतं. तुझ्या जन्माआधीपासून सोल्डरिंग करतोय मी.”

“यात सोल्डरिंग नाहीये, काका.”

“बघा, आम्हाला शिकवतायत आता,” काका बाबांना म्हणाले. बाबा हसले. काकूही हसल्या.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, “दे गं त्यांना, एवढं म्हणतायत तर. पुऱ्या लाटायला ये. ताई एकटी किती करेल?”

मी म्हटलं, “मला जमतंय, तिला तिचं काम करू दे.” कुणी ऐकलं नाही. आमच्याकडे पाहुणे आले की आधी पुरुषांची पंगत बसते आणि घरातल्या मुली वाढतात. ग्राफिक्स कार्ड उघडं आहे म्हणून त्यात बदल होत नाही.

बहीण उठली. “काका, तळाची पट्टी काढायची. नक्की.”

“हो गं बाई, हो.”

पुढचं मी पाहिलं नाही. मी कढईसमोर होते आणि ती पोळपाटाशी होती. टेबलाजवळ बाबा होते. आपण पेपर वाचत होतो, असं ते म्हणतात.

आम्ही बाहेर आलो तोवर काकांनी स्क्रू आवळून, कार्ड संगणकात बसवून, त्याचं झाकणही लावलं होतं. पानं वाढली गेली. मग आमची पंगत झाली. हात धुऊन बहिणीने विचारलं, “पट्टी काढलीत ना?”

“आता काय परीक्षा घेतेस माझी?”

“एकदा उघडून बघते.”

“काही उघडायचं नाही. छान बसलंय. उगाच उचकटू नकोस.”

“बसू दे गं,” बाबा म्हणाले.

तिने फिल्म बनवायला लावली. थोड्याच वेळात पंखे किंचाळायला लागले आणि संगणक बंद पडला. ती स्क्रूड्रायव्हर घ्यायला वळली, तेवढ्यात काकांनी बटण दाबलं. “नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो.” पुन्हा बंद. पुन्हा बटण. “काका, नका करू!” ती म्हणाली. मी प्लग ओढला. “तू मध्ये पडू नकोस,” म्हणत त्यांनी तो परत लावला आणि बटण दाबलं. पडद्यावर रंगीत रेघा आल्या. मग पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

बहिणीने कार्ड बाहेर काढून उघडलं. पट्टी तिथेच होती. सुरकुतून, पेस्टमध्ये लडबडून चिपला चिकटली होती.

“काका, हे काय?”

“प्लॅस्टिक. मुद्दाम ठेवलंय,” काका म्हणाले. “खाडीची हवा आहे आपल्याकडे, तांबं हिरवं पडतं. नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढतं का कुणी?”

त्यांच्या घरात कुणी काढत नाही, हे खरं आहे. त्यांच्या टीव्हीच्या कडांना, फ्रिजच्या दांड्याला आणि गाडीच्या सीटना कंपनीचं प्लॅस्टिक अजून आहे. आमचा रिमोटही पिशवीतच असतो. पण हे काढायचं असतं, असं त्यांना जेवणाआधी सांगितलं होतं. ते ‘हो’ म्हणाले होते.

“काका, तुम्ही डब्याचं झाकण न काढता जेवता का?” बहिणीने विचारलं.

“जीभ आवर,” आई म्हणाली. “मोठ्यांशी असं बोलतात?”

“मोठ्यांनी ऐकलं असतं तर बोलायची वेळ आली नसती,” मी म्हटलं.

“आता तू नको सुरू होऊस.”

“जाऊ दे,” बाबा म्हणाले. “वस्तूच आहे. माणूस तर नाही ना गेलं.”

“तिची नोकरी गेली, बाबा.”

“एका नोकरीचं काय घेऊन बसलात? हिला कुठे घर चालवायचंय?” हे काकू म्हणाल्या. बायकांच्या पंगतीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी तळलेल्या पुऱ्या त्यांनी मागून घेतल्या होत्या. मी स्वयंपाकघरात गेले. तिथे उभी राहिले नसते तर जे बोलले असते, ते इथे लिहीत नाही.

काका-काकू निघाले तेव्हा आईने त्यांना उरलेला आमरस डब्यात भरून दिला.

संध्याकाळी बहिणीने कार्डाशिवाय फिल्म बनवून पाहिली. संगणकाने जो अंदाज दाखवला, त्यात सोमवार उलटून जात होता. कोपरीत तिच्या एका मैत्रिणीकडे चांगलं मशीन आहे. तिला फोन केला. ती सुट्टीत कोकणात गेली होती आणि घराला कुलूप होतं. सोमवारी सकाळी बहिणीने आधी तयार असलेली स्थिर चित्रं पाठवली, कार्ड बिघडल्याचं लिहिलं आणि एक दिवस मागितला.

दुपारी आम्ही दोघी कार्ड घेऊन ठाण्याला दुरुस्तीच्या दुकानात गेलो. चिप गेली आहे, कार्ड दुरुस्त होणार नाही, असं तिथे सांगितलं. परतल्यावर बहिणीने ते बाबांसमोर टेबलावर ठेवलं. बाबांनी पेपर खाली घेतला आणि विचारलं, “काकांना फोन केलास का? उगाच वाईट वाटून घेतील ते.”

तिने फोन केला नाही. मीही केला नाही. आईने केला आणि पोरीचं मनावर घेऊ नका, असं त्यांना सांगितलं. आम्ही दोघी त्याच खोलीत होतो.

मंगळवारी आर्किटेक्टच्या कार्यालयाचं मेल आलं. चित्रं चांगली आहेत, पण फिल्म मागितली होती आणि ती दुसऱ्या उमेदवाराने वेळेत दिली, असं त्यात होतं. त्या जागेवर त्या उमेदवाराला घेतलं आहे.