रिठदचा चाबूक आणि माझ्या कानामागचा वळ

गादीच्या जाहिरातीमुळे मी वाशिम जिल्ह्यात पोचले, हे आधीच सांगून टाकते.

आमचं हौशी नाटक मंडळ नाशिकचं. मी शाळेत गणित शिकवते आणि गेली अठरा वर्षं मंडळाच्या नाटकांना आवाज देते. म्हणजे रंगमंचामागे बसून दार करकरवणं, पाऊस पाडणं, गाडी सुरू करणं. या वर्षीचं नाटक सर्कशीतल्या एका म्हाताऱ्या रिंगमास्तरचं. पडदा उघडण्याआधी अंधारात चाबकाचे तीन कडाके, तिथून नाटक सुरू. पहिल्या प्रयोगाला मी मोबाईलवरून आवाज लावला आणि अंधारात चाबकाऐवजी एक बाई लाडिक आवाजात म्हणाली, "पाठ दुखतेय? आजच घ्या आमची गादी!" अख्खं नाट्यगृह हसलं. मग पुढचा तासभर रिंगमास्तर रडला तरी लोक हसत होते.

आमचा दिग्दर्शक सुहास माझा जुना मित्र, पण त्या दिवशी तोंड फिरवून म्हणाला, "वैजू, स्पर्धेच्या प्रयोगाला लॅपटॉपवाला माणूस बसवू या. तू प्रेक्षकांत बस." अठरा वर्षं! माझी अशी सटकली की विचारू नका. "खरा चाबूक आणते," मी म्हटलं, "आणि खरा वाजवते." तो म्हणाला, तालमीत दहापैकी दहा वेळा वाजला तर जागा तुझी. हातात तीन आठवडे होते.

आधी घरबसल्या एक मागवला. पितळी फुल्या, लाल गोंडे, दिसायला राजेशाही. गच्चीवर फिरवला तर फतक करून पडला. आठ दिवस फिरवला, आठ दिवस फतक. आमचे हे चहा घेता घेता म्हणाले, "मेलेल्या धामणीला उगाच त्रास देतेयस." शेवटी आमच्या शाळेतल्या, मूळ मंगरूळपीरच्या एका बाईंनी सांगितलं की बैलांचा साज विकणारी दुकानं शेलूबाजारला आहेत, तिथे विचारा. रजा टाकली आणि निघाले.

नाशिकहून रेल्वेनं अकोला आणि तिथून मंगरूळपीरची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे वऱ्हाड हिंडायला खिसा फार हलका होत नाही. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या पडायला लागलेल्या, मधे हरभरा. रस्ता काही ठिकाणी इतका गुळगुळीत की डुलकी लागावी आणि पुढच्याच वळणावर असा की डोकं खिडकीला आपटावं. शेलूबाजारला हायवेवर उतरले. जीपवाल्यांचा गलका चाललेला. कढईतून काढलेला गरम आलुबोंडा आणि तळलेली मिरची खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, मग दुसरा घेतला.

साजाच्या दुकानात घंटा, बैलांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या, रंगीत गोंडे छताला लटकलेले. आणि माझ्या पितळी फुल्यांच्या चाबकाचा सख्खा भाऊही. मी पिशवीतून माझा काढून दाखवला. दुकानदार खो खो हसला.

"बाई, हा दाखवाचा हाय, बोलाचा नाई."

"मग बोलायचा कुठे मिळेल?"

"माया दुकानात तं नाई. खोटं कायले सांगू? रिठदले किसनबाबा हायेत, थे वळतात. पन थे असे कोनालेबी देत नाईत."

"का हो?"

"थे तुमालेच समजन," म्हणाला आणि गिऱ्हाईकाकडे वळला. विकायला माल समोर असताना दुसऱ्याचा पत्ता देणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

वाशिमला मुक्काम केला. बसस्टँडजवळ साधी, स्वच्छ लॉज मिळते, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच, तेवढं लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी रिसोडच्या गाडीनं रिठद. गावात विचारलं तर एका बाईनं हातातली घागरही खाली न ठेवता हनुवटीनं घर दाखवलं.

किसनबाबा सत्तरीचे, काटक, ओसरीवर मांडी घालून कातड्याच्या वाद्या कापत बसलेले. समोर रापी, आरी, पाण्याचं भांडं. नमस्कार केला, चाबूक हवा म्हटलं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोनाले मारायचा?"

"कोणालाच नाही. हवेत वाजवायचाय. नाटकात."

आता त्यांनी मान वर केली. "मंग बसा. बैलाले मारायले पायजे त्याले मी देत नाई. चाबूक बैलाले आयकवाचा असते, लावाचा नसते."

माझा राजेशाही चाबूक त्यांनी दोन बोटांत धरला, मूठ जिथे संपते तिथे वाकवला. आत कडक पुठ्ठा होता, कट्कन वाजला. "पाहा," ते म्हणाले, "इथंच मेला हा." मग खुंटीवरचा स्वतःचा काढून माझ्या हातात दिला. "डोळे मिटा अन् मुठीपासून शेवटापर्यंत बोटातून सोडा." सोडला. अंगठ्याएवढी जाडी कधी करंगळीएवढी झाली आणि कधी सुतळीएवढी, मला कळलंच नाही. कुठे गाठ नाही, पायरी नाही, वेणीत नख शिरेल एवढी फट नाही. चाबूक निवडायचा असेल तर फुल्या बघू नका, हे करून बघा. मूठ आडवी धरली की उरलेला पाण्यासारखा खाली वाहिला पाहिजे. आत म्हशीचं कातडं, वरची वेणी बकरीच्या कातड्याची. वास कातड्याचा आणि तेलाचा यावा, रंगाचा आला तर परत द्या.

मला अर्थात तोच हवा होता, चांगला नऊ फुटी, भारदस्त. बाबांनी मला उभं केलं, पायाच्या अंगठ्यापासून खांद्यापर्यंत दोरी धरली, वर दोन विती सोडल्या. "शिकाऊ मानसाले एवढाच. लांब घेसान तं सोतालेच गुंडाळसान." म्हणजे जेमतेम सहा फूट. तसा एक अर्धा वळलेला पडून होता, तो उद्यापर्यंत पुरा करतो म्हणाले. तोवर सुताच्या दोरीचा एक जुनाट चाबूक माझ्या हातात दिला आणि घरामागच्या सोयाबीन काढलेल्या वावरात पिटाळलं. डोळ्यांवर चष्मा ठेवा, डोक्याला रुमाल बांधा, बाह्या खाली करा. या तीन गोष्टी कुणीही विसरू नयेत.

दुपारभर मी त्या वावरात जी काही कुस्ती केली! बाबा बांधावर बसून वाद्या वळत होते आणि मधूनच ओरडत होते, "जोर कायले लावून राह्यल्या? थांबा! हात थांबवा!"

"थांबले तर जाईल कसा?"

"हात थांबला का टोक पळते, बाई!"

मी गणिताची बाई. मूठ जड, टोक हलकं, हात एकदम थांबवला की सगळा वेग टोकाकडे जातो आणि टोक आवाजालाही मागे टाकतं, हे मी फळ्यावर समजावून देऊ शकते. पण मला थांबता येत नाही, ना बोलताना, ना भांडताना, ना चाबूक मारताना. मी चिडले, दात खाऊन पूर्ण ताकदीनं हाणला आणि दोरी मागून फिरून माझ्याच उजव्या कानामागे सण्णकन बसली. डोळ्यांपुढे काजवे! मी मटकन ढेकळांत बसले आणि लहान मुलीसारखी रडले.

"अवं माय वं!" करत बाबांच्या बायको, गोदामाय, हळद घेऊन धावल्या. आणि बाबा? बाबा हसत होते.

"झालं," ते म्हणाले. "आता चाबूक तुमचा."

माझा संताप बघून गोदामायनंच उलगडा केला. बाबांच्या वडिलांपासूनची रीत आहे. पहिला फटका मालकाला बसल्याशिवाय चाबूक घराबाहेर जात नाही. "ज्याले लागला त्याले मालूम पडते बाई, कसा झोंबते थो. मंग थो जनावरावर हात नाई उचलत. एक जन तं दोन दिवस बसला, लागलाच नाई त्याले. परत धाडला यायनं." शेलूबाजारचा दुकानदार काय म्हणत होता ते आत्ता कळलं. कान भणभणत होता, राग होताच, पण मला ती रीत मनापासून पटली. त्यांनी जेवायला आणि रात्री मुक्कामाला ठेवून घेतलं. ज्वारीची भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, ठेचा. पैसे विचारले तर गोदामाय रागावल्या. चाबकाची किंमत म्हणाल तर बऱ्या चामडी पर्सएवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चाबूक तयार होता. तांबूस, साधा, एकही फुली नाही. बाबांनी त्याचा कल दाखवला. प्रत्येक चाबकाची एक बाजू आपोआप वाकते, रोज त्याच बाजूनं मारायचा. टोकाला सुताची पिळलेली दोरी, तीच खरी वाजते आणि तीच झिजते, म्हणून पाच जादा दिल्या. वावरात उभी राहिले. डोक्यावरून आणला, पुढे टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदा थांबले.

कडाड!

बांधावरच्या बाभळीवरून बगळे उडाले. पलीकडच्या वावरात हरभऱ्याला पाणी देणारा माणूस फावडं टाकून उभा राहिला. मी पुन्हा मारला. कडाड! मी नाचले हो, अक्षरशः नाचले, गोदामायचा हात धरून. बाबा तेवढे वाद्या गोळा करत म्हणाले, "बोलला."

परतीच्या एसटीत मांडीवर चाबकाचं वेटोळं घेऊन बसले होते. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "हे काय वं बाई, कोनासाठी?" मागून एक आजी म्हणाल्या, "घरचा मानूस आयकत नसन!" सगळी गाडी हसली, मीही.

आता माझा मूर्खपणा. घरी आल्यावर प्रेमाचं भरतं आलं आणि मी चाबकाला केसांना चोपडतात तसं खोबरेल चोपडलं. सकाळी बघते तर लुळा. मारला तर फतक! तालीम चार दिवसांवर. रडवेली होऊन फोन लावला.

"तेल पाजलं का?" बाबांनी पहिल्याच वाक्यात ओळखलं. "बाळंतीन हाय का थो? ज्वारीचं पीठ लावा, कपड्यानं पुसा, सावलीत टांगा. अन् टोकाची दोरी बदला, भिजून जड झाली असन."

तसंच केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोलला. तेव्हा माझ्याकडून शिका. वापरून झाल्यावर सुती कापडानं पुसायचा, दीड-दोन महिन्यांतून एकदा मेण घातलेलं थोडंसं एरंडेल तळहातावर घेऊन नुसता हात फिरवायचा. भिजला तर सावलीतच वाळवायचा. घडी घालायची नाही, सैल वेटोळं करायचं, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडला तर बुरशी येते. सिमेंटवर मारायचा नाही, वेणी खरवडते. आणि उंदरांपासून जपा, त्यांना हा खाऊ वाटतो.

तालमीत दहापैकी दहा. सुहासनं तिथल्या तिथे लॅपटॉपवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

स्पर्धेचा प्रयोग दुपारी होता. विंगेत मोकळी जागा आखून घेतली, सगळ्यांना लांब उभं केलं. त्याआधी एक काम केलं, सुहासला न सांगता. मोबाईल, तोच तो गादीवाला, स्टुलावर ठेवला आणि रिठदला फोन लावून चालू ठेवला. दिवे गेले. कडाड! प्रेक्षकांतून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. कडाड! एक लहान मूल "आई गं" म्हणालं. कडाड! आणि मग शांतता, अशी शांतता की पडद्याच्या कप्प्या ऐकू आल्या. त्या दिवशी रिंगमास्तर रडला तेव्हा कोणीही हसलं नाही. शेवटी टाळ्या थांबेनात तेव्हा सुहासनं मला हाताला धरून ओढत पुढे नेलं. अठरा वर्षांत मी नाट्यगृह समोरून, भरलेलं, पहिल्यांदा पाहिलं. डोळे भरून आले, लपवलेही नाहीत.

आता चाबूक आमच्या बैठकीच्या खोलीत खुंटीवर आहे. कानामागचा वळ फिकट झाला, पण गेला नाही, आणि वर्गात एखाद्या मुलावर आवाज चढायला लागला की माझा हात आपसूक तिथे जातो. मग मी थांबते. आमचे हे म्हणतात, चाबकाचे पैसे वसूल झाले.

त्या दिवशी विंगेत परत आले तेव्हा फोन चालूच होता. मी धापा टाकत विचारलं, "बाबा, ऐकलंत? कसा वाजला?"

पलीकडे आधी गोदामायच्या बांगड्या वाजल्या. मग बाबा म्हणाले, "तिसऱ्याले थांबल्या नाई तुमी. पन बोलला."